ती टिक लावली कोणी?

आज सकाळी पावणेनऊला गाडीने कुर्ला सोडलं आणि गिरगावच्या काकूंचा फोन आला. त्या गर्दीत खिशात हात घालायला जागा नव्हती, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर काकू हळूच विचारतात, "अरे, यंदा आमची चकली कोणालाच नकोय का रे? रविवारपासून एक ऑर्डर नाही."

दिवाळी तोंडावर आलीये. काकू परदेशात फराळ पाठवतात, ऑर्डरी वेबसाइटवरून मेलने येतात, ती वेबसाइट माझ्या सर्व्हरवर. वर्षाची निम्मी कमाई या तीन आठवड्यांत होते. आणि बाईंना वाटलं की आपल्या हाताची चव गेली! चार दिवस त्या स्वतःला दोष देत बसल्या. या एका गोष्टीने माझ्या डोक्यात जी तिडीक गेलीये ती अजून उतरलेली नाही.

दादरला उतरलो, बाकड्यावर बसून लॅपटॉप उघडला. एकेचाळीस ऑर्डरी. सगळ्याच्या सगळ्या माझ्या सर्व्हरच्या पोटात, अशा एका मेलबॉक्समध्ये जो काकूंनी मागितला नव्हता, मी बनवला नव्हता आणि उघडायला कोणाकडे पासवर्डही नव्हता. लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे 'कम्प्लीटेड'. पोहोचली म्हणे! कोणाला पोहोचली?

शनिवारी रात्री मी गिऱ्हाइकांची सत्तावीस डोमेन नव्या कंट्रोल पॅनलवर, म्हणजे सर्व्हरवरच्या वेबसाइट आणि मेल सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर, हलवली होती. नाव लिहीत नाही, लिहिलं की त्यांची पोरं तावातावाने धावून येतात. काकूंची मेल सहा वर्षं बाहेरच्या सेवेवर आहे, एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनची मेल कुठे द्यायची ती नोंद, तिकडचा. बाहेरून कोणी मेल टाकली तर ती बरोबर तिकडे जाते, म्हणून मी रविवारी माझ्या जीमेलवरून टेस्ट केली तेव्हा सगळं झकास दिसलं. पण वेबसाइटवरचा ऑर्डरचा फॉर्म याच सर्व्हरवरून मेल सोडतो. आणि या पॅनलने इम्पोर्ट करताना परस्पर ठरवलं की या डोमेनची मेल आपल्याच घरची. एकदा घरची म्हटल्यावर एक्झिम, सर्व्हरवरचा मेल पोहोचवणारा प्रोग्राम, एमएक्स बघतो कशाला? टाकली आतल्या डब्यात.

जुन्या पॅनलमध्ये मी स्वतः 'रिमोट', म्हणजे मेल बाहेर, निवडलं होतं. बॅकअपच्या फाइलमध्ये ते स्वच्छ लिहिलेलं आहे, मी आज उघडून ओळ बघितली. नव्या पॅनलने वेबसाइट उचलली, डेटाबेस उचलला, पासवर्ड उचलले, ठरल्या वेळी चालणारी क्रॉनची कामं उचलली आणि नेमकी ही एक ओळ सोडली. वर हिरवी पट्टी: सत्तावीसपैकी सत्तावीस यशस्वी. मेल घरीच ठेवायची ही चौकट सापडते कुठे माहितीये? डोमेन, मग मेल, मग प्रगत, मग खाली स्क्रोल करत शेवटी, आधीच टिक केलेली. एक इशारा देता येत नव्हता? डोमेनचा एमएक्स बाहेर बोट दाखवतोय आणि आपण मेल आत ठेवतोय, हे तपासायला एक डीएनएस क्वेरी, डोमेनच्या नोंदींना विचारलेला एक प्रश्न, लागते. एक! अडाणी पोरगंही लिहील ती.

मी हलवलं तरी का? कारण गेल्या महिन्यात सर्व्हरवाल्याची मेल आली, एक तारखेपासून पॅनलच्या लायसन्सचे दर वाढणार. पुन्हा. डॉलरमध्ये बिल, वर जीएसटी, आणि माझी गिऱ्हाइकं कोण? फराळवाल्या काकू, पार्ल्याचे डेंटिस्ट, भांडुपचा क्लास, दोन सोसायट्या. त्यांना वर्षाला पाचशे रुपये वाढवून सांगताना माझी जीभ उचलत नाही.

2019 च्या जूनपासून हे सुरू आहे. तोवर सीपॅनल या पॅनलचं लायसन्स सर्व्हरमागे होतं, एका मशीनवर कितीही खाती ठेवा. मग खात्यांवर दर लावले आणि आमच्यासारख्या छोट्यांचं कंबरडं मोडलं. प्लेस्क या दुसऱ्या पॅनलकडे जा, लोक म्हणाले. अहो, प्लेस्क 2017 मध्ये ओकली कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने घेतलं, 2018 मध्ये सीपॅनलही त्यांनीच. एकावर रागावून दुसऱ्याच्या दारात जा, पैसे त्याच गल्ल्यात. आणि पॅनल सुटलं तर खाली ऑपरेटिंग सिस्टीम आहेच. सेंटओएस 8 चालणार होतं 2029 पर्यंत. 2020 च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की 2021 अखेर बंद. 2021 ची नाताळची सुट्टी मी अल्मालिनक्स या दुसऱ्या सिस्टीमवर जाण्यात घालवली. सेंटओएस 7 गेलं 30 जून 2024 ला, तेव्हा पुन्हा तेच, भर पावसात, वीज जातेय-येतेय.

फुकटचं पॅनल घे म्हणणारे वेगळे. ऑक्टोबर 2024 मध्ये सायबरपॅनल या फुकट पॅनलच्या एका भोकातून लॉगिन न करता लोक थेट रूटपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण ताब्यापर्यंत, पोहोचले, इंटरनेटवर 22,000 च्या आसपास सर्व्हर उघडे होते, फाइली कुलूपबंद झाल्या. त्याआधी 2018 मध्ये व्हेस्टा या पॅनलचा इन्स्टॉलरच बाटवलेला निघाला. फुकट वाईट असं मी म्हणत नाही, हेस्टिया हे फुकटचं पॅनल मनापासून चालवणारी माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण रात्री दोन वाजता घोडं अडलं तर कोणाला उठवायचं, हे आधी सांगा.

आणि ते टर्मिनलवाले, सगळं कमांड टाइप करून चालवणारे! "पॅनल लागतंच कशाला, कॉन्फिग हाताने लिही." मी लिहितो रे. पण क्लासमधल्या मावशींना नवीन शिक्षकाचा मेल आयडी बनवायचा असतो, तो त्या स्वतः बनवतात, मला न विचारता. त्यांना व्हीआय, तो टर्मिनलमधला एडिटर, शिकवू? पॅनल माझ्यासाठी नाहीच, पॅनल त्यांच्यासाठी आहे. एवढं साधं ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याचा सर्व्हर सांभाळू नये.

निवडताना मी काही आंधळेपणाने निवडलं नव्हतं. तीन आठवडे तुलनेचे तक्ते वाचले. साठ-साठ ओळी, हिरव्या टिका: एका क्लिकवर वर्डप्रेस, डार्क मोड, लेट्स एन्क्रिप्ट, पाच पीएचपी आवृत्त्या. लेट्स एन्क्रिप्ट, वेबसाइटचं फुकटचं सुरक्षा प्रमाणपत्र, आता कोणाकडे नाही? एकाही तक्त्यात ही ओळ नाही की दुसऱ्या पॅनलचा बॅकअप आत घेताना काय काय गळतं. एकाही तक्त्यात हे नाही की उद्या मला इथून निघायचं झालं तर माझी मेल, माझे फॉरवर्डर, माझे डीएनएस झोन कुठल्या स्वरूपात हातात पडतील. डेमो दाखवतात तो रिकाम्या सर्व्हरचा, एका खोट्या डोमेनचा. रिकामं घर कोणाचंही छान दिसतं. सहा वर्षं नांदत्या घराचं सामान हलवून दाखवा की!

ऑर्डरी मी एकेक वाचल्या. एकाने लिहिलंय, "आईचं पहिलंच वर्ष इथे, अनारसे नक्की पाठवा." दुसरीने शनिवारी विचारलेलं, सोमवारी पुन्हा विचारलेलं, मंगळवारी नुसतं "काकू, रागावलात का?"

कुरिअरचा स्वस्त दर काल संध्याकाळी संपला. वरचा फरक मी भरतो म्हटलं तर काकू ऐकेनात, उलट मलाच म्हणतात, "जेवलास का?" नऊ जणांनी उत्तर नाही म्हणून दुसरीकडे ऑर्डर दिली होती. बाकीच्यांना त्या स्वतः फोन लावतायत. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, आताच मेसेज आला की सतरा फोन राहिलेत, न्यू जर्सीत दुपार आहे तोवर उरकते.

मी संध्याकाळपासून सत्तावीसच्या सत्तावीस डोमेनची ती चौकट उघडून बघतोय. अजून चार ठिकाणी टिक होती. पार्ल्याच्या डेंटिस्टचा अपॉइंटमेंटचा फॉर्म त्यातच आहे, आत बावीस मेल पडल्यात, एकीत "दाढ खूप दुखतेय, आज घ्याल का" असं आहे, तारीख रविवारची. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सकाळी आठला फोन करणार आहे.