व्याकरणातले लिंग आणि जीवशास्त्रातले लिंग

व्याकरणातले लिंग नर-मादी भेदावरूनच ठरते, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटत नाही. संस्कृतात पत्नीसाठी असलेले हे तीन शब्द पाहा: ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘दार’ पुल्लिंगी (तोही नेहमी अनेकवचनी) आणि ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. व्यक्ती तीच, लिंगे मात्र तीन! कारण व्याकरणात लिंग म्हणजे नामाचा वर्ग; विशेषण आणि क्रियापद त्याच्याशी जुळवून घेतात, एवढेच त्याचे काम.

जीवशास्त्रात प्रश्नच वेगळा असतो: हा जीव शुक्रपेशी तयार करतो की अंडपेशी? आपण ‘डास चावला’ म्हणतो, पण चावते ती मादीच. गांडूळ तर आणखी विलक्षण. भाषेत ते नपुंसकलिंगी, म्हणजे दोन्ही नाही. प्रत्यक्षात ते उभयलिंगी, म्हणजे एकाच शरीरात दोन्ही! मुंगीच्या बाबतीत मेळ बसतो, कारण कामकरी मुंग्या खरोखरच माद्या असतात, पण तो निव्वळ योगायोग.

बंगाली, फारसी, तुर्की या भाषांत व्याकरणिक लिंग नाही, तरी त्या बोलणारी माणसे स्त्री-पुरुष ओळखतातच ना? शाळेत ‘तो, ती, ते’ शिकवताना हा फरक दोन वाक्यांत तरी सांगायला हवा, असे मला मनापासून वाटते.