शिसं ओतून पिस्तुलाच्या गोळ्या? त्या मेसेजबद्दल खुलासा

खानापूर-बेळगाव भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पिस्तुलाचा परवाना असला की जुन्या बॅटरीचं शिसं ओतून, रिकामी काडतुसं घरीच भरता येतात, कर्नाटकात कोडगू (कूर्ग) जिल्ह्याप्रमाणे सूट आहे. हे साफ चूक आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बाळगणं कलम ३ मध्ये, बनवणं कलम ५ मध्ये. बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कोडगूची सूट कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमीनधारकांना आहे, तीही बाळगण्यापुरती. आपल्या गावाशी तिचा काडीचा संबंध नाही.

आता बॅटरीचं शिसं. प्लेटा फोडताना आम्ल अंगावर येतं, ते वेगळंच. कढईवर जी राखाडी साय धरते तिची धूळ हातावर, लुगड्यावर, मग पोराच्या तोंडात जाते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी रस उसळून डोळ्यात. दूध प्यायल्यानं शिसं उतरत नाही; शंका असेल तर रक्ताची तपासणी करा.

शिवाय पिस्तूल हे सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढतं. काडतुसात बंदुकीची दारू कमी पडली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) अर्धवट मागे येते, गोळी नळीतच अडकते, आणि पुढचा बार तिच्यावर. जास्त पडली तर काडतूसच फाटतं.

मेसेज पुढे ढकलणाऱ्या दादांनी तो आधी मागे घ्यावा.