लाँगफेलोची कबर लंडनला नाही

'अमेरिकन कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये चिरनिद्रा घेत आहे' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १८८२ मध्ये लाँगफेलो वारला, तो मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आणि त्याची कबर तिथल्याच माउंट ऑबर्न दफनभूमीत आहे. ॲबेच्या 'पोएट्स कॉर्नर'मध्ये, म्हणजे कवी-लेखकांच्या स्मारकांच्या कोपऱ्यात, आहे तो त्याचा अर्धपुतळा, १८८४ मध्ये बसवलेला. हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन कवी, एवढं मात्र खरं.

त्याच मजकुरात पुढे 'पॉल रिव्हिअरने एकट्याने कॉन्कॉर्ड गाठून सगळ्यांना जागं केलं' हेही इतिहास म्हणून दिलंय. ही लाँगफेलोच्या रिव्हिअरवरच्या १८६० च्या कवितेची किमया! १८ एप्रिल १७७५ च्या रात्री, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, मॅसॅच्युसेट्समधल्या गावांना 'ब्रिटिश सैन्य येतंय' असा इशारा द्यायला रिव्हिअरखेरीज विल्यम डॉजही निघाला होता. रिव्हिअरला ब्रिटिशांनी वाटेतच पकडलं. कॉन्कॉर्डला पोचला तो सॅम्युएल प्रेस्कॉट, ज्याचं नाव कवितेत नाहीच.

विसाव्या शतकातल्या समीक्षकांनी लाँगफेलोला गुळगुळीत, शाळकरी ठरवून बाजूला सारलं. मला ते जरा कठोर वाटतं. इटालियन कवी दान्तेचं महाकाव्य 'डिव्हाइन कॉमेडी' अख्खं इंग्रजीत आणणारा माणूस होता तो. त्याचं केंब्रिजचं घर आज राष्ट्रीय स्मारक आहे.