तंबोरा फोनवर ऐका, पण लावायला हातानेच शिका

गाणं शिकणाऱ्या मुलांच्या घरी आता तंबोरा बहुधा फोनमध्येच असतो. रोजच्या रियाजाला तो चालतो, प्रवासात तर फारच सोयीचा. पण चार-पाच वर्षं गाणं शिकूनही खऱ्या तंबोऱ्याची तार ताणायची खुंटी पिळायची भीती वाटत असेल, तर शिक्षणातला मोठा भाग राहून गेलाय असं माझं स्पष्ट मत आहे. तंबोरा लावता लावता कान जितका तयार होतो, तितका तासभर सरगम घोकूनही होत नाही.

आधी फोनचंच बघू. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) षड्ज धरली तर तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झ. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतका खालचा स्वर नीट बाहेरच पडत नाही, ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वर. म्हणून अ‍ॅप वापरायचंच तर बरा स्पीकर जोडा, आणि आवाज आपल्या गळ्यापेक्षा कमी ठेवा. तंबोरा फार मोठा ठेवला की आपला सूर कुठे घसरतोय ते कळतच नाही.

आता खरा तंबोरा. पेटीवरून फक्त एक षड्ज घ्या आणि पेटी बंद करा. चारही तारा पेटीवरून लावायची सवय मला अजिबात पटत नाही. सुरुवात मधल्या जोडीपासून, म्हणजे षड्जाच्या दोन तारांपासून. घोडीवर (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) तारेखाली असलेलं सूत बाजूला सारा, घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी मधोमध आणून ठेवा म्हणजे नंतर दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. खुंटी आत दाबत दाबत फिरवायची. तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली उतरवायची आणि मग चढवत सुरावर आणायची. वरून उतरवत आणलेली तार थोड्या वेळाने हमखास ढिली पडते.

जोडीतली एक तार षड्जाला लागली की दुसरी तिच्याशी मिळवा. दोन्ही लागोपाठ छेडा आणि नीट ऐका. फरक असेल तर आवाजात 'वँव-वँव' अशी लहर येते. सेकंदाला एक लहर म्हणजे एका हर्ट्झचा फरक. सूर जवळ येईल तशी लहर संथ होत जाते आणि मिळाला की थांबते. शेवटचा हा बारीक फरक खुंटीने काढायला जाऊ नका, तिथे मण्यांचंच काम आहे. मणी तारदानाकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिकडे, सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मग खर्ज, आणि सगळ्यात शेवटी पंचम. खर्ज छेडून लक्ष दिलंत तर त्याच्यातच वर पंचम ऐकू येतो. पहिली तार त्या पंचमाशी जुळवायची. मालकंसाला ही तार मध्यमात आणि पुरियाला निषादात लावतात, ते सुरुवातीला जड जातं. आधी सहा महिने पंचमच लावा.

चारही तारा मिळाल्या की खर्जातून गंधार आपोआप उमटतो. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा खाली असतो, अर्ध्या सुराचा साधारण सातवा हिस्सा. ज्याने तो एकदा ओळखला, त्याला यमन किंवा भूपात पेटीचा गंधार टोचायला लागतो. नुसती पेटी धरून शिकलेल्या गळ्याला हा फरक जन्मभर कळत नाही, आणि माझा सगळा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच.

यानंतर सूत. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून अगदी केसभर पुढे-मागे करत जायचं. एका जागी तार एकदम खुलते, भरून गुंजायला लागते. तिथेच थांबा. धागा जाड असला तर आवाज आखडतो. सूत बसवल्यावर सूर किंचित हलतो, तो मण्याने परत बघून घ्या. बोटं म्हणाल तर पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने. नख नको, बोटाचं मांस लागलं पाहिजे. आधीच्या तारेची आस विरायच्या आत पुढची छेडायची, आणि ठेक्याच्या मागे धावायचं नाही.

बिघाड ठरलेलेच असतात. खुंटी घसरत असेल तर ती काढून खडूची पूड लावा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या आवळतात, तेव्हा पकडीने पिरगाळू नका, दांडीला चीर जाते. नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलू नका. वातानुकूलित सभागृहात तंबोरा अर्धा तास आधी नेऊन गवसणी काढून ठेवा, मगच लावा. मंचावर गायक दहा मिनिटं तंबोरे लावतोय म्हणून कुरकुरणाऱ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे, ती दहा मिनिटं कान देऊन ऐका. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, त्याला नाइलाज असतो.

सूत कितीही हलवलं तरी तार खुलत नाही, नुसती खरखरते, तेव्हा घोडीवर तारेच्या खाचा पडलेल्या असतात. तिथे घरी सॅंडपेपर चालवू नका. जवारी काढणं, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा नेमका घासणं, हे कारागिराचं काम आहे. घोडीचा उतार चुकून जास्त घासला गेला तर घोडीच बदलावी लागते. मिरजेत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे सतारी-तंबोरे करायला घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नवा तंबोरा घ्यायचा असेल तर तिथे जाऊन, हाताळून, ऐकून घ्या. भोपळा टिचकी मारून बघा, चिरका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आणि जवारी काढून घेताना आपली पट्टी आधी सांगा, जमलं तर समोर बसून गाऊन दाखवा. काळी चारच्या तारांवर काढलेली जवारी काळी एकला उतरवली की तारा ढिल्या पडून घोडीवर नुसत्या फडफडतात.