टॅग ह्यूअरच्या ‘कॅलिबर १८८७’ मध्ये लबाडी नेमकी कुठे होती?

‘टॅग ह्यूअरचं कॅलिबर १८८७ म्हणजे सेइकोचं मशीन, नाव तेवढं बदललं, जपानी माल स्विस म्हणून गळ्यात मारला.’ घड्याळांच्या शौकिनांत हे वाक्य अजून फिरतंय. (टॅग ह्यूअर ही स्विस घड्याळ कंपनी, सेइको जपानी; कॅलिबर म्हणजे घड्याळाच्या आतलं मशीन.) त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

आधी ते अर्धं. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने हा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं मशीन, ‘इन-हाउस’, म्हणजे स्वतःच घडवलेलं, म्हणून जाहीर केलं आणि सेइकोचं नावही घेतलं नाही. जाणकारांनी चाकांची मांडणी ओळखली, तेव्हा कुठे कबुली आली की सेइकोच्या टीसी७८ या रचनेचे हक्क विकत घेतले होते. ही लपवाछपवीच. तिची वकिली मी करणार नाही.

पण ‘नाव तेवढं बदललं’ हे चूक. हक्क घेतले ते रचनेचे. जपानहून तयार मशीन आणून त्यावर शिक्का मारलेला नाही. रचनेत फेरफार केले आणि जोडणी स्वित्झर्लंडमध्येच, ला शो-द-फाँला.

‘मग स्विस कसं?’ मशीन कुठे जोडलं, कुठे तपासलं आणि त्यातल्या किमतीचा किती हिस्सा स्विस, एवढंच ‘स्विस मेड’चा तेव्हाचा नियम विचारायचा. तेव्हा हा हिस्सा किमान ५० टक्के लागे, २०१७ पासून ६०. मशीनचा आराखडा कोणी काढला, हा प्रश्न त्यात नव्हताच.

‘ह्यूअरचं स्वतःचं त्यात काय?’ इथे मात्र गंमत आहे. क्रोनोग्राफचं बटण दाबलं की आत एक बारीक उभा दांडा किंचित कलतो. त्याच्या दोन्ही टोकांना दाते असतात: एक टोक चालत्या चाकात कायम अडकलेलं, दुसरं कललं की सेकंदकाट्याच्या चाकाला भिडतं आणि काटा सुटतो. पुन्हा दाबलं की ते मागे सरतं. या दांड्याचं पेटंट कंपनीचे संस्थापक एदुआर ह्यूअर यांनी १८८७ मध्ये घेतलं. कॅलिबरचं नाव त्यावरूनच. सेइकोच्या मूळ रचनेतही हाच दांडा आहे. म्हणजे ह्यूअरचीच युक्ती जपानला वळसा घालून घरी आली! एवढी भन्नाट गोष्ट हाताशी असून प्रसिद्धीवाल्यांनी ती दडवली, याचं मला आजही नवल वाटतं.

‘मोठी घड्याळ-घराणी असलं करत नाहीत.’ करतात की. ऑडेमार्स पिगेचा रॉयल ओक (१९७२) आणि पाटेक फिलिपचा नॉटिलस (१९७६), या दोन्ही घड्याळांची सुरुवात जेजर-लेकुल्त्र या तिसऱ्याच कंपनीच्या एकाच पायाभूत मशीनवर झाली. १९८८ ते २००० पर्यंतच्या रोलेक्स डेटोनात झेनिथ या दुसऱ्या कंपनीचं एल प्रिमेरो मशीन होतं. रोलेक्सने त्याची टिकटिक तासाला ३६,००० ठोक्यांवरून २८,८०० वर आणली, बॅलन्सही (ताल राखणारं डुलतं चाक) बदलला. तरी संग्राहक त्याला ‘झेनिथ डेटोना’च म्हणतात, आणि तेही कौतुकाने. १८८७ ला ‘सेइको’ म्हणताना मात्र त्यांचंच नाक मुरडतं.