रोबोटिक्स हे श्रीमंतांचे खूळ नव्हे

गेले काही आठवडे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. शाळेत रोबोटिक्स शिकवणे हे श्रीमंतांचे खूळ आहे, मुलांना आधी पाढे येऊ द्या, मराठी-कोकणी प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांना हे झेपणार नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅम लिहीत असताना ते शिकायचे कशाला, आणि पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याला रोबोट हवेत कशाला, असे त्यातले मुद्दे आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी सुरू केलेली कोडिंग व रोबोटिक्सची योजना गुंडाळावी, अशी मागणीही शेवटी आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत मी हा विषय शिकवतो, म्हणून या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

पाढ्यांपासून सुरुवात करू, कारण पालकांना तोच मुद्दा सर्वाधिक पटतो. वर्गातल्या छोट्या गाडीच्या चाकाचा व्यास ६.५ सेंटिमीटर असतो. ही गाडी बरोबर एक मीटर जाऊन थांबली पाहिजे, एवढेच मुलांना सांगायचे. परीघ काढावा लागतो, तो २०.४ सेंटिमीटर येतो, शंभराला त्याने भागले की चाकाचे ४.९ फेरे येतात. हेच गणित वहीत चुकले तर लाल शाईचा काट बसतो आणि मूल पान उलटते. इथे गाडी पाऊण मीटरवर थांबते आणि मूल आपणहून पुन्हा वही उघडते. पाढे आणि रोबोटिक्स यांत आधी कोण, हा वाद त्या वर्गात उभाच राहत नाही.

गणित बरोबर आले तरी गाडी चुकते, आणि खरे शिकणे तिथून सुरू होते. जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी मुलांनी सकाळी केली, ती व्यवस्थित चालली. अकराच्या सुमारास तीच गाडी पट्टी सोडून भरकटू लागली. कोणी म्हणाले सेल उतरले, कोणी म्हणाले प्रोग्रॅम बिघडला. सेल बदलले, प्रोग्रॅम पुन्हा भरला, फरक पडला नाही. शेवटी सातवीतल्या एका मुलीच्या लक्षात आले की गाडी दर वेळी खिडकीजवळच्या वळणावर चुकते. ही गाडी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जमिनीवर सोडते. पांढरा पृष्ठभाग ते परत पाठवतो, काळा शोषून घेतो, आणि त्या फरकावरून तिला वाट कळते. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे ऊन पडलेल्या जागी तिला काळे-पांढरे वेगळे करता येत नव्हते. खिडकी लावली आणि गाडी वळली. संशय घेणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, चूक नेमकी कुठे होते याची नोंद ठेवणे, हे सगळे त्या मुलांनी एका तासात केले. पाठ्यपुस्तकातला प्रयोग बहुधा यशस्वीच व्हायचा असतो, त्यामुळे त्यात ही संधी क्वचित मिळते.

रोबोटिक्सने बुद्धी तल्लख होते ही निव्वळ जाहिरात आहे, असेही संदेशात म्हटले आहे, आणि ते बरेचसे खरे आहे. लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि तिच्याविषयी असेच मोठे दावे झाले. रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की लोगो शिकलेली मुले इतर कामांचे नियोजन करण्यात न शिकलेल्यांहून पुढे नव्हती. म्हणजे यंत्र हातात दिल्याने आपोआप काही होत नाही. यंत्र का चुकले हे विचारणारा आणि ते विज्ञानाच्या धड्याशी जोडून देणारा शिक्षक तिथे हवा. जाहिरातदारांचा दावा खोटा ठरला, म्हणून विषयच निरुपयोगी ठरत नाही.

भाषेचा मुद्दा मला सर्वाधिक खुपतो. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणीतून शिकलेली मुले पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतात आणि अनेक हुशार मुले तिथे गप्प होतात. संगणकाच्या पडद्यावरचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करताना दहा-बारा इंग्रजी शब्दांवर काम भागते, आणि गाडी का वळली नाही याची चर्चा मुले घरच्या भाषेत तावातावाने करतात. ज्यांना हे झेपणार नाही असे म्हटले जाते, त्यांनाच हा तास सर्वाधिक मोकळा वाटतो.

खर्चाचे उत्तर थोडक्यात देता येते. प्रोग्रॅमनुसार गाडी चालवणारा अर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक फलक २००५ च्या सुमारास इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला गेला, म्हणून त्याच्या स्वस्त प्रती बाजारात मिळतात. चार मुलांच्या गटाला पुरणारी गाडी दीड-दोन हजारांत उभी राहते आणि वर्षानुवर्षे सुटी करून पुन्हा जोडता येते.

कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅम लिहून देते, हे खरे. कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, मातीचा ओलावा मोजणारे यंत्र करायचे ठरवले तर तसा प्रोग्रॅम मिनिटभरात मिळेल. पण स्वस्त सेन्सरमधून सतत वीज वाहत राहिली की ओल्या मातीत त्याचे टोक लवकर गंजते आणि आकडे चुकू लागतात. माती उकरून ते टोक पाहणारे आणि ओलावा मोजण्यापुरतीच वीज सोडायची हे सुचवणारे माणूसच लागते.

गोव्याला रोबोट कशाला, असे विचारणाऱ्यांनी पणजीजवळच्या दोनापावलाकडे पाहावे. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे पाण्याखाली आपोआप फिरून मोजमापे घेणारे यान तयार केले आहे. ते करणारी माणसे याच राज्यात बसून काम करतात, आणि सत्तरीतल्या मुलाला तिथवरची वाट दिसूच नये असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उरते योजना गुंडाळण्याची मागणी. काही ठिकाणी किट कपाटात पडून राहतात, हे मी नाकारत नाही. त्याची कारणे साधी आहेत: मोटर जळली तर नवी घ्यायला शाळेकडे वेगळे पैसे नसतात आणि पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात गाडी जोडून पुन्हा सुटी करणे होत नाही. सुट्या भागांसाठी शाळेला वर्षाकाठी छोटी रक्कम आणि आठवड्यातून एकदा सलग दोन तास, एवढे शिक्षण खात्याने दिले तर ती कपाटे उघडतील, आणि पालकांनी शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत हेच मागावे.