ऑटोक्लेव्हची कॉइल जळाल्याच्या तक्रारीवर आमचं उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: फोनवर ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, भाव विचारला तर आम्ही कोटेशनऐवजी माणूस पाठवला. त्याने तुमच्या केबिनमध्ये दहा मिनिटं आणि सिस्टर-मावशींपाशी दोन तास घालवले. एवढं करूनही तिसऱ्या महिन्यात यंत्रातली पाणी तापवणारी कॉइल जळाली आणि ऐन ऑपरेशनच्या दिवशी आमच्या इंजिनिअरने "तुमचं पाणी जड आहे" म्हणून हात वर केले.

शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. पहिल्याच भेटीत तुमच्या बोअरच्या पाण्याचा नमुना आम्ही नेला होता. कठीणपणा, म्हणजे पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला 480 मिलिग्रॅम आला. आमच्या माणसाने त्याखाली "सॉफ्टनर लागेल", म्हणजे कठीणपणा काढणारं उपकरण लागेल, असं लिहूनही ठेवलं होतं. कोटेशन करताना ती ओळ मी गाळली. रक्कम वाढली तर ऑर्डर हातची जाईल, असं तेव्हा मनात आलं होतं. त्यापायी तुमचे दोन पेशंट दिवसभर उपाशीपोटी थांबले आणि संध्याकाळी परत घरी गेले. त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागतो.

पाणी प्यायला चांगलं, मग यंत्राला का नाही, असं तुम्ही विचारलंय. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणा 200 पर्यंत योग्य धरतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. त्या हिशोबाने तुमचं पाणी बसतं. पण ऑटोक्लेव्हमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागेच राहतात. लोडमागून लोड कॉइलवर पांढरा थर चढत जातो, कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही आणि ती स्वतःच तापून जळते. हे विकत घेण्याआधी तुमच्या कानावर घालणं माझं काम होतं.

सिस्टरांशी बोलण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही पूर्वीसारखाच उभा ऑटोक्लेव्ह मागितला होता, फक्त मोठा. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरांनी सांगितलं की कापड भरलेले ड्रम ओले निघतात, पावसाळ्यात तर पंख्याखाली ठेवावे लागतात. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात, त्यामुळे ओला ड्रम निर्जंतुक धरता येत नाही. शिवाय गेल्या वर्षी तुम्ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया सुरू केल्यात, हेही त्यांच्याच बोलण्यातून कळलं. त्या लांब, बारीक नळ्यांमध्ये साध्या ऑटोक्लेव्हमधली हवा अडकून राहते. वाफ आत पोहोचत नाही, मग बाहेरच्या काट्यावर 121 अंश दिसून काय उपयोग? म्हणून आधी हवा खेचून घेणारा आणि शेवटी लोड कोरडा करणारा व्हॅक्यूमचा ऑटोक्लेव्ह सुचवला, आकार थोडा लहान धरून. फोनवर हे काही निघालंच नसतं. तुम्ही ओटीत टेबलापाशी असता; ड्रम भरणाऱ्या आणि काढणाऱ्या सिस्टरच असतात.

तुमच्या वायरमननाही आम्ही त्यासाठीच बोलावून घेतलं होतं. 9 किलोवॉटची कॉइल सिंगल फेजवर चालवली तर जवळपास 40 अँपिअर ओढते, आणि ओटीमागच्या त्या खोलीत सिंगल फेजच होतं. थ्री फेजची लाइन आधी ओढून घेतली म्हणून तिथे अडचण आली नाही.

कोटेशनला बारा दिवस लागले, ते जास्तच झाले. इंजिनिअरचं उत्तरही चुकलं. कारण सांगण्याआधी त्याने पर्यायाची सोय करायला हवी होती. आता एक उभा ऑटोक्लेव्ह आमच्याकडे राखीव ठेवलाय. वॉरंटीतलं यंत्र बंद पडलं तर ड्रम आणि साध्या लोडसाठी तो त्याच दिवशी पाठवू. दुर्बिणीच्या नळ्या त्यात चालणार नाहीत, हे आताच सांगून ठेवतो.

नवी कॉइल आणि सॉफ्टनर, दोन्ही आमच्या खर्चाने. गुरुवारी सकाळी मी स्वतः इंजिनिअरबरोबर येतोय. सॉफ्टनरला मीठ कधी घालायचं आणि ऑटोक्लेव्हमधलं पाणी रोज कसं काढून टाकायचं, हे दाखवायला अर्धा तास लागेल. त्या वेळी ओटीच्या सिस्टर आणि मावशी ड्यूटीवर असतील, एवढं बघाल का?